नाशिकमध्ये पाणी किती अंशांना उकळतं? (पदार्थांच्या अवस्था व अवस्थांतर)



‘पदार्थांच्या अवस्था’ हा घटक आला की व्याख्या मुलांच्या लगेच पाठ होतात. स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो, वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो. बर्फ ० अंशाला वितळतो, पाणी १०० अंशांना उकळतं. इथपर्यंत सगळं सुरळीत असतं. खरी गंमत तापमापी पाण्यात बुडवल्यावर सुरू होते.

नाशिकमधल्या कोणत्याही शाळेत चंचुपात्रात पाणी उकळायला ठेवा. पारा भराभर चढतो, ९० च्या पुढे जातो आणि ९८ च्या आसपास थांबतो. पाणी खळखळतंय, वाफ निघतेय, पण पारा काही पुढे सरकत नाही. आता मुलांच्या वह्या पाहा. बऱ्याच जणांनी १०० लिहिलेलं असतं! डोळ्यांना दिसलं ९८, हाताने लिहिलं १००, कारण पुस्तकात १०० आहे. मला हा या पाठातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. इथे जर १०० वर बरोबरची खूण झाली, तर मूल एकच गोष्ट शिकतं: प्रयोग करताना बघायची गरज नसते.

मग ९८ का? “पाणी अशुद्ध असेल” हे उत्तर हमखास येतं. पण ते उलटं आहे. पाण्यात मीठ-क्षार विरघळले की उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. तेही फार नाही, एक लिटर पाण्यात सुमारे ५८ ग्रॅम मीठ घातलं तर जेमतेम एक अंश. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी फरक जाणवणारसुद्धा नाही.

दुसरी शंका तापमापीची, आणि ती रास्त आहे. शाळेतल्या तापमापीत एखाद्या अंशाचा फरक असू शकतो. म्हणून आधी ती वितळणाऱ्या बर्फात धरा. तिथे ० दाखवते ना? १ दाखवत असेल तर पुढच्या वाचनांतून १ वजा करा. तापमापीचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका. एवढं करूनही नाशिकमध्ये आकडा ९८ च्या जवळच येईल.

याचं कारण आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मुंबईपेक्षा आपल्यावर हवेचा थर तेवढा कमी, म्हणून दाबही कमी. समुद्रकिनारी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर स्तंभाइतका असतो, आपल्याकडे तो ७१ च्या आसपास. पाण्याच्या आत बुडबुडा तयार व्हायचा तर आतल्या वाफेला बाहेरच्या हवेचा दाब पेलावा लागतो. दाब कमी असेल तर हे थोड्या कमी तापमानालाच जमतं. साधारण दर ३०० मीटर उंचीला उत्कलनांक एक अंशाने उतरतो. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या आतच उकळेल आणि एव्हरेस्टच्या शिखरावर ७० च्या सुमारास. तिथल्या उकळत्या पाण्यात डाळ शिजवून बघा म्हणावं! कुकर नेमकं याच्या उलट करतो. आत दाब वाढवतो, पाणी १२० अंशांच्या जवळपास नेतो, म्हणून डाळ लवकर शिजते.

पुस्तक चुकलं का? नाही. १०० हा आकडा समुद्रसपाटीवरच्या वायुदाबाचा आहे. मुलांना परीक्षेत ‘प्रमाण वायुदाबाला १०० अंश सेल्सिअस’ असं पूर्ण वाक्य लिहायला सांगा आणि प्रयोगवहीत दिसलं तेच. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, हे पालकांनाही सांगायला हवं. नाहीतर घरी “बाईंनी चुकीचं शिकवलं” असं होतं.

आता त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट. गॅस चालू आहे, उष्णता जातेय, तरी पारा हलत नाही. मग उष्णता जाते कुठे? मुलांना हे आधी विचारू द्या, उत्तर लगेच देऊ नका. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. उकळताना मिळालेली उष्णता ही पकड सोडवण्यात खर्च होते, म्हणून तापमान वाढत नाही. हिलाच अप्रकट उष्मा म्हणतात. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास ही कल्पना मांडली. बर्फ वितळतानाही पारा सगळा बर्फ संपेपर्यंत शून्यावरच बसतो.

आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. १ ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी. ते १ ग्रॅम पाणी ० पासून १०० पर्यंत तापायला १०० कॅलरी. आणि त्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी! हा शेवटचा आकडा स्वयंपाकघरात फार कामाचा आहे. उकडीच्या मोदकांचं झाकण उघडताना हाताला वाफ लागली तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं, कारण वाफेचं पाणी होताना ती ५४० कॅलरी आपल्या त्वचेला देते. आणि बटाटे उकडताना पाण्याला उकळी आल्यावर गॅस मोठा ठेवून ते लवकर शिजत नाहीत. पाणी ९८ चं ९९ होत नाही, फक्त लवकर आटतं. गॅस बारीक करा.

उष्णता घेणं मुलांना पटतं, देणं पटत नाही. गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकतं म्हटलं की वर्ग हसतो. इथे आपला निफाड तालुका मदतीला येतो. थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान दरवर्षी बातम्यांत असतं, काही वर्षी पानांवरचं दवसुद्धा गोठतं. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमण्यांना तडे जातात. म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या करतात आणि पहाटे पाणी देतात. थंडीत गार पाणी कशाला? कारण विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं. ते निवताना बागेला उष्णता देतं आणि ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते. त्यातून पाणी गोठायला लागलंच, तर प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी बाहेर पडतात. वर्गात द्राक्षबागायतदारांची मुलं असतील तर हा भाग त्यांनाच सांगू द्या, आपल्यापेक्षा चांगलं सांगतात.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. किटलीच्या तोंडाशी दिसतं ते पांढरं म्हणजे वाफ नव्हे, ते संघननाने झालेले पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ तोंड आणि पांढरं यांच्यामधल्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असते, ती दिसतच नाही. आणि संप्लवनाला आरतीच्या कापराचं उदाहरण देऊ नका. आरतीत कापूर जळतो, तो रासायनिक बदल. डबीत ठेवलेली कापराची वडी न पेटवता महिनाभरात लहान होते, ते संप्लवन. कपाटातल्या डांबरगोळीचंही तसंच.

पालकांसाठी एक सूचना: घरी हा प्रयोग करताना तापाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नका. तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो, फुटेल. ११० अंशांपर्यंतची प्रयोगशाळेतली तापमापी लागते आणि शेजारी मोठं माणूस हवंच. सुट्टीत मुंबईला किंवा कोकणात नातेवाइकांकडे जाणार असाल तर तीच तापमापी बरोबर न्या. तिथलं वाचन घेऊन मुलांना वहीत नाशिकच्या आकड्याशेजारी लिहू द्या.