उतारवयात मूत्रपिंडांची निगा

ठिबक संच बसविलेल्या शेतकऱ्याला गाळणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. आपल्या शरीरातही कमरेच्या थोडे वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अशा दोन गाळण्या आहेत. प्रत्येक मूत्रपिंड साधारण मुठीएवढे असून त्यात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळणघटक असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व परत रक्तात शोषला जातो व अवघी दीड लिटरच्या आसपास लघवी होते. ठिबकची जाळी खराब झाली तर बदलता येते. नेफ्रॉन मात्र एकदा गेले की पुन्हा तयार होत नाहीत.

वयाच्या तिशी-चाळिशीनंतर नेफ्रॉन हळूहळू कमी होतात व मूत्रपिंडांकडे येणारे रक्तही घटते. तरुण निरोगी माणसात मिनिटाला १०० ते १२० मि.लि. गाळण होते. पुढे ते दरवर्षी सुमारे १ मि.लि.ने उतरते. ही घट म्हणजे रोग नव्हे. निसर्गाने क्षमता भरपूर ठेवली आहे. एक मूत्रपिंड दान केलेला माणूसही चांगले आयुष्य जगतो.

अडचण येते ती ताण पडल्यावर. उतारवयात लघवी दाट करून पाणी वाचविण्याची शक्ती कमी होते, म्हणून रात्री उठावे लागते. (पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यानेही असे होते, धार बारीक झाल्यास तपासून घ्यावे.) त्यातच तहानेची जाणीवही मंदावते. वैशाखात बांधावर राबणाऱ्या वडीलधाऱ्यांना शरीर कोरडे पडल्याचे कळतच नाही. त्यांनी तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितलेल्यांनी मात्र डॉक्टरांचेच ऐकावे.

सर्वांत मोठा धोका आपण स्वतःच ओढवून घेतो, तो दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या वाहिन्या आकुंचित करतात. उन्हात काम, घामाने कोरडे पडलेले शरीर आणि वर ही गोळी, असे जमून आले की म्हातारपणी मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. जुलाब-उलट्या होत असताना तर ती घेऊच नये. गुडघेदुखीसाठी रोजची गोळी लागत असेल, तर दुसरा उपाय विचारावा.

तपासणीबाबतही एक गैरसमज आहे. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते. वयाबरोबर स्नायू झडल्याने मूत्रपिंड मंदावले तरी रिपोर्टातील आकडा फारसा वाढलेला दिसत नाही. क्रिएटिनीन १.२ असेल, तर ३० वर्षांच्या तरुणात गाळणक्षमता सुमारे ८३ येते, ७५ वर्षांच्या आजीबाईंत केवळ ४७ च्या आसपास! म्हणून वय व लिंग धरून काढलेला ईजीएफआर हा आकडा मागून घ्यावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० खाली राहिला किंवा लघवीतून प्रथिन जात असेल, तर पुढील तपासणी करावी. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी दोन्ही चाचण्या दरवर्षी कराव्यात आणि जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. आकडे शेजारी मांडले की घट वयाची की रोगाची, हे ठरविणे डॉक्टरांना सोपे जाते.