परभाषेच्या सहवासात – लेखांक चौथा : दहाची फुली

गेल्या लेखांकात माँट्रियलनजीकच्या सेंट लँबर्ट या उपनगराची हकीगत आपण पाहिली. तेथील इंग्रजीभाषक पालकांनी शिक्षणमंडळामागे तगादा लावून १९६५ साली असा बालवर्ग सुरू करावयास लावला, की ज्यात फ्रेंच हा विषय नव्हता. सारे काही फ्रेंचमधूनच चाले. हीच पद्धती चिनीसारख्या, इंग्रजीशी ना गोत्र जुळणाऱ्या ना लिपी जुळणाऱ्या भाषेला लावली असता काय घडते, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील यूटा संस्थानात गेले पाहिजे.

यूटा हा मॉर्मन पंथीयांचा मुलूख. या पंथाचे अनेक तरुण धर्मप्रचारार्थ परदेशी जाऊन राहतात, तेथील भाषा आत्मसात करून परततात, आणि म्हणून समुद्रापासून दूर, पर्वतांनी वेढलेल्या या प्रदेशात परभाषेविषयीची आस्था घराघरांतून आढळते. तैवानमध्ये असेच राहून चिनी शिकलेले जॉन हंट्समन गव्हर्नर असताना, २००८ साली, सरकारी शाळांतील द्विभाषिक वर्गांसाठी कायद्याने तरतूद झाली. व्यवस्था अशी, की अर्धा दिवस एक शिक्षक इंग्रजीतून शिकवितो आणि उरलेला अर्धा दिवस दुसरा शिक्षक केवळ चिनीतून. आणि खालच्या इयत्तांत गणित येते ते चिनीच्या वाट्याला.

गणित चिनीकडे सोपविण्यात मला मोठे शहाणपण दिसते. एकोणतीस हा आकडा मुलाच्या गळी उतरविताना किती सायास पडतात, हे आपल्याकडील कोणाही आईला ठाऊक आहे. कानाला ‘तीस’ ऐकू येते आणि पाटीवर मात्र दोनावर नऊ लिहावे लागतात. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा-एक’ आणि एकोणतीस म्हणजे ‘दोन-दहा-नऊ’. स्थानमूल्याचा जो सिद्धांत इतरत्र फळ्यावर समजावून सांगावा लागतो, तो येथे उच्चारातच सामावलेला असतो, आणि मूल भाषा शिकत आहे की हिशेब, हे वेगळे काढता येऊ नये इतके ते दोन्ही एकजीव होतात.

वर्गात खोटे दुकान मांडले आहे अशी कल्पना करा. चिनीत विकत घेणे आणि विकणे या दोहोंस शब्द ‘माइ’ हाच. स्वर खाली दाबून पुन्हा वर उचलला तर खरेदी, वरून झटक्याने खाली आणला तर विक्री. गिऱ्हाईक झालेल्या मुलीचा स्वर चुकला, तर दुकानदार झालेला मुलगा पेन्सिल देण्याऐवजी घ्यावयास हात पुढे करतो, आणि बाईंनी एक शब्द न बोलता चूक उमगते. व्याकरणाच्या दहा नियमांनी जे साधत नाही, ते या पुढे आलेल्या हाताने साधते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. लिहितानाही तीच गंमत आहे: चिनी लिपीत दहाचे चिन्ह म्हणजे एक आडवी व एक उभी रेघ, आपल्या बेरजेच्या खुणेसारखी फुली, आणि आजच्या सुलभ लिपीत ‘विकत घेणे’ या अक्षराच्या डोक्यावर हीच फुली मांडली, की त्याचे ‘विकणे’ होते.

तथापि या लिपीचा भार हलका आहे असे कोणी समजू नये. खुद्द चीनमध्ये प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत सुमारे ३,००० अक्षरे ओळखण्याची अपेक्षा असते, आणि तेथील मुलाला घर, रस्ता, बाजार सारे साह्य करतात. यूटातील मुलाला अर्धाच दिवस मिळतो. त्याने तीच मजल त्याच वेगाने गाठावी, अशी आशा पालकांना दाखविणे हा मुलांवर अन्याय आहे. बोलणे पुढे धावते, वाचन मागे राहते. हे अंतर आळसाचे लक्षण नव्हे, आणि प्रवेशाचा अर्ज भरतानाच ते पालकांस सांगितले गेले पाहिजे.

संध्याकाळी घरी वही उघडली जाते, तेव्हा बापाला त्यातले एकही अक्षर लागत नाही. मूल मात्र बोट ठेवून वाचीत जाते, आणि फुलीशी आल्यावर बापाने ‘अधिक’ म्हटले, की मान हलवून सांगते: दहा.