अंजनाचं सरपण : जड लाकूड, जपून तोड

सरपण म्हटलं की आपल्याला बाभूळ आठवते. पण खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी एक वेगळं झाड भेटतं. ते म्हणजे अंजन. भारतातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांत याची गणना होते.

अंजन कसा ओळखायचा?

आपट्याचं पान मधोमध चिरून दोन तुकडे केल्यासारखी याची जोडपानं असतात. फांद्यांची टोकं खाली झुकलेली दिसतात. खोडाच्या आतला गाभा गडद तपकिरी, लालसर असतो. ओळख पटवायची एक सोपी रीत आहे. वाळलेल्या गाभ्याचा छोटा तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. बाभळीचा तुकडा तरंगतो, अंजनाचा मात्र तळाला जातो. का बरं? कारण त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त असते.

जड लाकूड जास्त उष्णता देतं का?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. चांगलं वाळलेलं 1 किलो लाकूड कोणत्याही झाडाचं असो, उष्णता जवळपास सारखीच मिळते. फरक आकारमानात आहे. तेवढ्याच आकाराच्या अंजनाच्या ढलपीत लाकूड जास्त ठासून भरलेलं असतं, म्हणून ती जास्त वेळ जळते आणि निखारा टिकून राहतो. पण ती पटकन पेटत नाही. आधी तुराट्या किंवा पऱ्हाट्या पेटवायच्या, मग ढलपी सरकवायची.

ओलं लाकूड चुलीत घालू नका. आधी त्यातल्या पाण्याची वाफ होते, त्यातच बरीच उष्णता वाया जाते. धूर वाढतो तो वेगळाच, आणि तो धूर चुलीपुढे बसलेल्या आईच्या डोळ्यांत, छातीत जातो. वाळलेलं लाकूड ओळखायचं कसं? टोकाला भेगा पडतात, साल सुटते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की ठणठणीत आवाज येतो.

गोळा करताना

वादळात पडलेली फांदी, बांधावरचं वठलेलं लाकूड, मोडक्या बैलगाडीचे भाग हे सगळं सरपणाला चालतं. जुन्या लाकडातले खिळे आधी काढा, नाहीतर कुऱ्हाडीची धार गेलीच म्हणून समजा. रंग दिलेलं लाकूड चुलीत नको. पडलेला ओंडका उचलण्याआधी काठीने हलवून बघा, खाली विंचू किंवा साप असू शकतो.

फोडताना (हे काम मोठ्यांचंच!)

अंजनाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते सरळ फाटत नाही. वाळल्यावर तर दगडासारखं होतं. म्हणून ओलसर असतानाच करवतीने आखूड तुकडे करावेत आणि नंतर वाळवावेत. गाठीवर घाव घालू नये. टोकाला जिथे भेग असेल तिथे लोखंडी पाचर बसवून घणाने ठोकावी. मधोमध फोडण्यापेक्षा कडेकडेने ढलप्या काढणं सोपं जातं. दांडा ढिला नाही ना, हे आधी पाहावं. पाय फाकवून उभं राहावं, डोळ्यांना चष्मा लावावा आणि मुलांना लांब ठेवावं.

उभं झाड मात्र नको

अंजन खडकाळ, उथळ मातीत हळूहळू वाढतो. दुष्काळात त्याचा पाला गुरांच्या तोंडी लागतो. सालीच्या तंतूंचे दोर वळतात. आपण एका दिवसात तोडलं तर तसं झाड पुन्हा उभं राहायला कितीतरी वर्षं लागतात. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या यादीत अंजनाचं नाव आहे. म्हणजे आपल्या शेतातलं झाड असलं तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. अभयारण्यातून तर पडलेलं लाकूडसुद्धा परवानगीवाचून आणू नये.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण भाषेच्या तासाला शिकतो. लाकडाचाच दांडा लाकडावर घाव घालायला मदत करतो, असा तिचा अर्थ. मग आपण काय करायचं? सरपण पडलेल्या लाकडाचं घ्यायचं आणि उभ्या अंजनाची सावली गुरांसाठी, आपल्यासाठी राखायची.

करून पहा : घरातल्या सरपणातले 5 वेगवेगळे तुकडे पाण्यात टाका. कोणते तरंगले, कोणते बुडाले, याचा तक्ता वहीत तयार करा.