धाराशिवचा प्रवासी आणि माँट्रियलचा करार

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाण घेताच कोसळले. आतल्या 242 जणांपैकी एकच वाचला. टाटा समूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला एक कोटी रुपये जाहीर केले आणि ती बातमी गावोगावी पोचली. पण प्रवाशांच्या वारसांचा कायदेशीर हक्क या घोषणेवर अवलंबून नव्हता, हे फार कमी लोकांना कळले. तो हक्क 1999 साली माँट्रियलमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने दिलेला आहे.

त्याआधी होता 1929 चा वॉर्सा करार. विमान कंपन्या तेव्हा नवख्या होत्या, एका अपघातात त्या बुडू नयेत म्हणून भरपाईवर कमाल मर्यादा घातली गेली. 1 जानेवारी 1978 ला मुंबईहून दुबईला निघालेले ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले आणि 213 माणसे गेली, तेव्हाही भारतात तसाच मर्यादेचा कायदा होता. मर्यादेपेक्षा जास्त मागायचे तर कंपनीने जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने वागल्याचे कुटुंबाने सिद्ध करायचे. समुद्रतळाशी गेलेल्या विमानाबद्दल घरच्यांनी कोणता पुरावा आणायचा?

माँट्रियल कराराने हे ओझे कंपनीवर टाकले. भारत 2009 मध्ये त्यात सामील झाला. डिसेंबर 2024 पासून करारातला पहिला टप्पा 1,51,880 एसडीआर इतका आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. रुपयांत ही रक्कम साधारण 1.8 कोटी होते. सिद्ध झालेले नुकसान या टप्प्याच्या आत असेल, तर ‘आमची चूक नव्हती’ ही सबब कंपनीला चालत नाही. त्याहून मोठ्या दाव्यात स्वतःची चूक नसल्याचे कंपनीनेच दाखवायचे. वरची मर्यादा नाही. दुबईहून आलेले विमान 2010 मध्ये मंगळूरला कोसळून 158 जण गेले; त्यातल्या एका कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये 7.64 कोटी रुपये मंजूर केले. विमानातले कर्मचारी आणि जमिनीवर सापडलेली माणसे मात्र या करारात बसत नाहीत. त्यांच्या वारसांना वेगळ्या कायद्यांचा आधार घ्यावा लागतो.

धाराशिव जिल्ह्यात धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. परदेशी जाणारा माणूस पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतो, आणि अनेकदा तिथून दिल्लीमार्गे पुढे जातो. इथे तिकिटाला फार महत्त्व येते. पुणे–दिल्ली–लंडन असा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुणे–दिल्ली हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग धरला जातो. स्वस्त पडते म्हणून दिल्लीपर्यंतचे तिकीट स्वतंत्र काढले, तर त्या टप्प्याला देशांतर्गत नियम लागू होण्याची शक्यता मोठी. 2019 च्या प्रवासी सनदेत देशांतर्गत मृत्यू किंवा दुखापतीसाठी 20 लाख आणि सामानासाठी 20 हजार रुपये अशी कमाल मर्यादा दिली आहे. तेच विमान, शेजारशेजारची आसने, आणि एका जिवाच्या भरपाईत एवढी तफावत! हा अन्याय आहे, आणि संसदेत त्यावर ठामपणे बोलले गेले पाहिजे.

अपघात सुदैवाने विरळा. बॅग मात्र कुणाचीही हरवते. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवणे, फुटणे किंवा उशिरा येणे, सगळे मिळून एका प्रवाशामागे 1,519 एसडीआर, म्हणजे सुमारे 1.8 लाख रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. ही कमाल आहे, नुकसान तेवढे दाखवावे लागते. त्यामुळे खरेदीच्या पावत्या जपाव्यात. मौल्यवान वस्तू हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. चेक-इनमध्ये टाकायच्याच असतील तर काउंटरवर किंमत जाहीर करून, कंपनी मागेल ते जादा शुल्क भरून मर्यादा वाढवून घेता येते.

पट्ट्यावर बॅग आली नाही, तर तक्रार नोंदवून तिची प्रत घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नये. गाडी थांबली आहे, गाव लांब आहे, उद्या फोन करू, असे म्हणून माणसे निघतात आणि दावा तिथेच कमकुवत होतो. बॅग फुटली असेल तर 7 दिवसांत लेखी तक्रार हवी. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत. 21 दिवस उलटूनही आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते.

यासाठी मुंबईला खेटे घालायची गरज नसते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. हवाई वाहतुकीचे वाद ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले. परदेशाहून परतीच्या तिकिटावर आलेल्या उमरग्याच्या किंवा कळंबच्या प्रवाशाचे अंतिम ठिकाण भारतच असते, त्यामुळे करारानुसारही भारतात दाद मागता येते. तेव्हा तिकीट, बोर्डिंग पास, सामानाचा टॅग आणि तक्रारीची प्रत एकत्र ठेवा, आणि धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात वेळेत जा. विमान पोचल्यापासून दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही, तर माँट्रियल करारानुसार भरपाईचा हक्कच संपतो.