घरच्या भिंतीवर घरचेच चित्र

ख्रिस्ती घराच्या ओसरीवर पाऊल ठेवावे, तो समोरच्या भिंतीवर प्रभू येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर दिसावी, तिच्यापुढे लहानसा दिवा तेवत असावा आणि शेजारी पवित्र मरियेचे चित्र असावे, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याकडे आपले लक्षही जात नाही. धर्मगुरू मातेओ क्रॉली-बोव्ही यांनी १९०७ साली घरोघरी पवित्र हृदयाच्या प्रतिष्ठापनेची चळवळ आरंभिली आणि तिचा प्रसार जगभर झाला. आपल्या आजी-आजोबांनी मोठ्या भक्तीने ती तसबीर भिंतीवर चढविली. परंतु आज घरातील एखाद्या मुलाला विचारून पाहावे. 'हे कोण?' म्हटले तर तो झटकन नाव सांगतो. 'त्या हृदयाभोवती काटे का? वर ज्वाला कशाची?' असे विचारले की तो आईकडे पाहतो, आणि आई आजीकडे. तसबीर जागच्या जागी आहे. तिची कथा सांगणारे मात्र कोणी उरलेले नाही.

चित्र आणि सांगणारा यांची ताटातूट झाली म्हणजे काय होते, आणि त्यांना पुन्हा एकत्र आणण्यासाठी आपण आपल्या घरी काय करू शकतो, एवढ्यापुरताच आजचा विषय आहे. त्यासाठी वाचकांना आम्ही थोडे दूर, हैदराबादच्या बाजूस नेणार आहोत. हैदराबाद आपणांस परके नाही. १९५६ सालापर्यंत मराठवाड्याचे सर्व जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, आणि त्या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत.

हैदराबादहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर चेरियाल नावाचे गाव आहे. पूर्वी ते वरंगळ जिल्ह्यात मोडत असे. २०१६ पासून ते सिद्दिपेट जिल्ह्यात आहे. तेथे नकाशी म्हणून ओळखली जाणारी चित्रकारांची घराणी कापडावर लांबच लांब पट रंगवीत आली. असे जुने पट आज हैदराबादेतील जगदीश व कमला मित्तल भारतीय कला संग्रहालयात जतन केलेले आहेत. पट उभा उलगडत जावा, त्यावर आडवे कप्पे एकाखाली एक असावेत, दोन कप्प्यांच्या मध्ये वेलबुट्टीची किनार असावी आणि पाठीमागे विटेसारखा लालभडक रंग असावा, अशी त्यांची धाटणी. प्रत्येक कप्प्यात कथेचा एकेक प्रसंग असे.

हे पट भिंत सजविण्यासाठी काढलेले नव्हते. तेलंगणातील प्रत्येक जातीचे आपले पुराण असे आणि ते गाऊन सांगणारे फिरस्ते कथेकरीही ठरलेले असत. पद्मशाली विणकरांपुढे मार्कंडेय पुराण, गोल्ल मेंढपाळांपुढे काटमराजूची कथा, परिटांपुढे मडेल पुराण, अशी वाटणी होती. कथेकरी नकाशाकडून पट रंगवून घेई आणि गावोगाव हिंडे. रात्री पट टांगून काठीने एकेक चित्र दाखवीत तो कथा गाई, आणि निरक्षर विणकराचे पोर आपल्या कुळाची कथा डोळ्यांनी वाची. पट जीर्ण झाला की तो उकिरड्यावर टाकीत नसत. विधिपूर्वक नदीत सोडीत.

आपल्या महाराष्ट्रातही असे कथेकरी आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या घेऊन रामायण-महाभारताच्या कथा सांगत आले. ती परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली.

पुढे काय झाले ते आपली भाषाच सांगते. 'चित्रपट' हा शब्द आज आपण सिनेमासाठी वापरतो; वास्तविक त्याचा सरळ अर्थ चित्र काढलेला पट, असा आहे. नव्या चित्रपटाने जुन्या पटाला मागे सारले आणि पाठोपाठ दूरदर्शन आले. कथेकऱ्याला कोणी बोलावीना, म्हणून नकाशाला कोणी पट सांगेना. चेरियालमध्ये आता मोजकीच घराणी हे काम करतात. ती मोठ्या पटांऐवजी भिंतीवर टांगण्याजोगी लहान चित्रे आणि मुखवटे करून विकतात. या कलेला भौगोलिक चिन्हांकनाचे संरक्षण मिळाले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि शहरातील दिवाणखान्यात टांगलेला तो एकुलता एक कप्पा मुका असतो. त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. कला जगली, पण तिचा आवाज गेला, असे म्हणण्याची पाळी आली आहे.

आपल्या पवित्र तसबिरींचे याहून वेगळे काय झाले आहे? राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला तेव्हापासून छापील देवचित्रे स्वस्त होऊन घरोघर पोहोचली. परदेशातून छापून आलेली येशू-मरियेची चित्रेही अशीच आपल्या घरांत आली. त्यांची निंदा आम्ही करणार नाही. त्यांच्यापुढे गुडघे टेकून आपल्या माउल्यांनी जपमाळेचे मणी झिजविले आहेत. परंतु जी वस्तू तयार मिळते, तिच्याविषयी प्रश्न पडत नाहीत. जे चित्र मुलाने स्वतः काढायला घेतले, त्यात मात्र पावलोपावली प्रश्न उभा राहतो: याच्या हातात काय दाखवू? हा रडतो का? आणि मग सांगणाऱ्याला तोंड उघडावेच लागते.

चित्र हे शिकविण्याचे साधन आहे, हे ख्रिस्तसभेने फार पूर्वीच जाणले होते. सन ६०० च्या सुमारास मार्सेय नगरीचे बिशप सेरेनुस यांनी लोक चित्रांचीच उपासना करू लागतील या भीतीने चर्चमधील चित्रे फोडून टाकली. तेव्हा पोप संत ग्रेगरी यांनी त्यांना लिहून कळविले की उपासना रोखली हे ठीक, पण चित्रे फोडणे योग्य नव्हे. कारण वाचणाऱ्याला जे ग्रंथातून मिळते, तेच निरक्षराला चित्रातून मिळते. पुढे ७८७ सालच्या निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला की चित्राला दिलेला मान चित्रात दर्शविलेल्या व्यक्तीला पोहोचतो.

कोणी विचारील, 'आमच्या गावंढळ हाताने काढलेला येशू शोभेल काय? त्याने धोतर नेसले तर चालेल काय?' हा प्रश्न जुनाच आहे. १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या हाताखाली शिकून परतले आणि त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली. त्यावर स्वजनांकडूनच टीकेचा भडिमार झाला. तेव्हा ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत पुण्यातच चित्रे काढीत राहिले. त्यांच्या हयातीतच, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की ख्रिस्तसभेने कोणत्याही एका कलाशैलीला आपली म्हणून मानलेले नाही. सर्व लोकांच्या व प्रदेशांच्या कलेला, ती योग्य आदर राखून येत असेल तर, तिच्या घरात जागा आहे. पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी तर १६१६ साली छापून निघालेल्या ख्रिस्तपुराणात ओवीसारखे देशी वाहन घेऊन प्रभूचे चरित्र मराठीत आणले. पुराण आपल्यापाशी चारशे वर्षांपासून आहे. उणीव आहे ती पटाची.

तो पट घरच्या घरी कसा करावा, ते आता सांगतो. चेरियालचे चित्रकार खादीच्या कापडाला चिंचोक्याची खळ, पांढरी माती, तांदळाची पेज आणि डिंक यांच्या मिश्रणाचे तीन हात देऊन ते कागदासारखे ताठ करतात. घोंगडी विणणाऱ्या घरांत चिंचोक्याची खळ कोणाला शिकवावी लागणार नाही; घोंगडीच्या सुताला ताठपणा येतो तो तिच्यामुळेच.

जुन्या धुवट धोतराचा हातभर रुंद व दोन हात लांब तुकडा घेऊन तो फळीवर ताणून खिळवावा. मूठभर चिंचोके भाजून त्यांची टरफले काढावीत, रात्रभर भिजवावेत, सकाळी बारीक वाटून पाण्यात शिजवावेत आणि फडक्यातून गाळून घ्यावेत. त्यात खडूची बारीक पूड आणि भिजवून गाळलेले बाभळीच्या डिंकाचे पाणी घालून पातळ पिठल्याइतके सैल करावे. हे मिश्रण फार दिवस टिकत नाही, आंबते. म्हणून लागेल तेवढेच करावे. त्याचा पातळ हात कापडावर द्यावा, सावलीत वाळू द्यावा, मग दुसरा आणि तिसरा. जाड लेप एकदम दिला तर गुंडाळताना तडकतो. शेवटी गुळगुळीत गोट्याने घासले की रंग धरण्याजोगी भुई तयार होते.

रंगांसाठीही दूर जावयास नको. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी दिव्याची काजळी, निळ्यासाठी निळीची पूड आणि पांढऱ्यासाठी खडू, हे सर्व डिंकाच्या पाण्यात खलावे. हळदीचा रंग मोहक खरा, पण उन्हाने उडतो. जुने चित्रकार लालभडक रंगासाठी हिंगूळ वापरीत. त्यात पारा असतो, म्हणून मुलांच्या हाती तो मुळीच देऊ नये. गेरूने आपले काम भागते.

कथा कोणती घ्यावी? पहिल्या प्रयत्नासाठी आम्ही मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दृष्टान्त सुचवितो, कारण त्याचे कप्पे प्रभूनेच पाडून ठेवले आहेत: वाट, खडक, काटेरी झुडपे आणि चांगली जमीन. कापडाचे चार भाग आखावेत, मध्ये किनार सोडावी आणि घरातील चौघांनी एकेक कप्पा घ्यावा. किनारीवर ज्वारीची कणसे काढावीत की आंब्याची पाने, ते आजीने ठरवावे. येथे एक गंमतीची गोष्ट निघेल. आपल्याकडे पेरणी पाभरीने होते आणि पाभरीचे बी सरीत पडते. मग ते वाटेवर कसे सांडले? तेव्हा वडिलांनी सांगावे की प्रभूच्या देशात शेतकरी ओटीत बी घेऊन मुठीने फेकीत असे, म्हणून थोडे वाटेवर, थोडे खडकावर जाई. चित्रातला शेतकरी आपल्यासारखा धोतर-पागोटे घातलेला असो, पण बी मात्र त्याने मुठीनेच फेकावे. असा एक प्रश्न सुटला की दृष्टान्त मुलाच्या मनात कायमचा रुजतो.

तिसऱ्या कप्प्यातील काट्यांपाशी आईने थांबावे. संसाराची चिंता आणि पैशाचा मोह वचनाची वाढ खुंटवितात, असा त्याचा अर्थ प्रभूनेच सांगितला आहे. सावकाराचे व्याज, मुलीच्या लग्नाचा खर्च, शेजाऱ्याशी लागलेली बांधाची भांडणे, हे आपल्या घरचे काटे आहेत. ते कोणते, हे घरच्यांनीच ओळखावे. छापील तसबिरीला हे करता येत नाही. तिला आपल्या घरची माहिती नसते.

पट पुरा झाला की वर-खाली बांबूच्या कामट्या शिवाव्यात आणि ओल न येणाऱ्या भिंतीवर थोडा सुटा टांगावा. खळीला कसर लवकर लागते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी काढून वाऱ्यावर धरावा. ओल्या फडक्याने कधीही पुसू नये; रंग पाण्याने सुटतात. टांगण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंकडून त्यावर आशीर्वाद घ्यावा. आशीर्वादित चित्र पुढे जीर्ण झाले तर आदराने जाळावे किंवा जमिनीत पुरावे. पट नदीत सोडणाऱ्या कथेकऱ्याइतकी तरी बूज आपण राखली पाहिजे.

चेरियालची धाटणी पाहून आपण घरासाठी पट केला, तर ते शिकणे झाले. परंतु असा पट 'चेरियाल चित्र' म्हणून बाजारात विकणे हे त्या मोजक्या घराण्यांच्या तोंडचा घास काढणे होय. हैदराबादेस जाणे झाले तर माधापूरच्या शिल्पारामम येथे कारागिरांची कामे पाहावीत, आणि ऐपत असेल तर योग्य दाम देऊन एखादे घ्यावे. घेताना त्यातील प्रसंग कोणता, हे विचारण्यास विसरू नये.

आणि आपल्या पटाचे? तो टांगून झाला म्हणजे काम संपले, असे मानू नये. संध्याकाळची जपमाळ झाल्यावर आठवड्यातून एकदा, दिवा जवळ धरून, घरातील एकाने काठीने एकेक कप्पा दाखवीत दृष्टान्त सांगावा. या आठवड्यात आजोबांनी, पुढच्या आठवड्यात मुलीने. रेघा वाकड्या असतील, बैल शेळीसारखा दिसेल. त्याची खंत करू नये. पवित्र हृदयाच्या तसबिरीचा मानही त्याने उणावणार नाही. उलट एका चित्राविषयी बोलण्याची सवय घराला लागली की दुसऱ्याविषयीही प्रश्न निघतील, आणि त्या हृदयाभोवतीच्या काट्यांचा अर्थ कोणीतरी विचारील. त्या दिवशी उत्तर देण्यास घरातील वडील माणूस तयार असावा, एवढीच प्रभुचरणी आमची प्रार्थना आहे.