सांत्वनाचेही धोरण हवे

मानसिक आजारावर उपचार मिळणे हा आपल्याकडे कायद्याने दिलेला हक्क आहे. परंतु शोक, ताण आणि आयुष्यातील उलथापालथ हे आजार नव्हेत. अशा काळात सामान्य माणसाने कोणाकडे जावे, याचे उत्तर आपल्या धोरणात अद्याप सापडत नाही.

चेन्नईच्या पश्चिमेस असलेले अंबत्तूर हे कष्टकऱ्यांचे उपनगर. १९६४ साली येथे उभी राहिलेली औद्योगिक वसाहत लघुउद्योगांसाठी देशभर ओळखली गेली. लेथ, प्रेस आणि मोटारींचे सुटे भाग घडवणाऱ्या लहान लहान कारखान्यांच्या रांगांना लागूनच आता माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. २०११ साली हे गाव चेन्नई महापालिकेत समाविष्ट झाले. २०१५च्या डिसेंबरातील महापुरात येथील असंख्य यंत्रे पाण्याखाली गेली, पुढे टाळेबंदीत अनेक शटर महिनोन् महिने खाली राहिली. नोकरी जाणे, स्थलांतर, कर्ज, अकाली निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू ही वळणे येथे घरोघरी आहेत. मात्र त्यांची नोंद आरोग्य खात्याच्या कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

येथे ज्या कामगारांशी माझे बोलणे झाले, त्यांपैकी पन्नाशी उलटलेल्या एका टर्नरचे उदाहरण देतो. पत्नीच्या निधनानंतर त्यांना चार दिवसांची सुटी मिळाली. सोळाव्या दिवसाच्या विधीसाठी त्यांनी आणखी एक दिवस मागून घेतला आणि ते पुन्हा लेथवर उभे राहिले. झोप उडाली, हाताखालची मापे चुकू लागली, तेव्हा मुलीने त्यांना दूरध्वनीवरील एका मदतसेवेचा क्रमांक दिला. रात्री गच्चीवर जाऊन ते अर्धा तास बोलले. पलीकडची व्यक्ती आस्थेने ऐकत होती, असे ते आवर्जून सांगतात. आठवड्याने त्यांनी पुन्हा फोन केला, तेव्हा दुसरेच कोणी बोलत होते. पत्नीच्या आजारापासून सारे नव्याने सांगावे लागले. तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला नाही.

या अनुभवात निष्काळजीपणा कोणाचाच नाही, आणि म्हणूनच तो धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मदतसेवांची रचनाच मुळात त्या क्षणीच्या संकटासाठी केलेली असते. शोकाला मात्र अनेक आठवडे ऐकणारा एकच माणूस लागतो.

प्रथम कायद्याकडे पाहू. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा हा आपल्या संसदेने केलेल्या पुरोगामी कायद्यांपैकी एक आहे. त्याच्या १८व्या कलमाने प्रत्येकाला शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला. २१व्या कलमाने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक केले. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मानसिक आरोग्य हे घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. परंतु कायद्यातील ‘मानसिक आजारा’ची व्याख्या विचार, भावस्थिती किंवा स्मृती यांतील गंभीर बिघाडापुरती आहे, आणि सेवेचा हक्क या व्याख्येला बांधलेला आहे. वैधव्य आलेली स्त्री किंवा नोकरी गमावलेला मध्यमवयीन गृहस्थ सुदैवाने या व्याख्येत बसत नाही. पण व्याख्येच्या बाहेर राहिल्यामुळे त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

शोकाला आजार ठरवावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झाले, ‘प्रदीर्घ शोक विकृती’ ही स्वतंत्र नोंद आहे. तीव्र शोक निदान सहा महिने टिकून राहिला आणि दैनंदिन जीवन विस्कळीत झाले, तरच हे निदान करायचे असते. बहुसंख्य माणसे या टप्प्यापर्यंत जात नाहीत. नातलग, शेजारी, दहावा-तेराव्याचे विधी, भजनी मंडळ यांच्या आधाराने ती सावरतात. प्रश्न असा, की दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, गावापासून शेकडो कोस दूर, बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्याला हा आधार कितपत उरला आहे? अंबत्तूरमध्ये ओडिशा, बिहार, झारखंड, आसाममधून आलेल्या तरुणांची संख्या मोठी आहे. त्यांच्या घरी मृत्यू झाला, तर ही वार्ता भ्रमणध्वनीवर येते आणि सांत्वनही त्याच भ्रमणध्वनीवर करावे लागते.

आकडे या चित्राला दुजोरा देतात. निम्हान्सने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. या १२ राज्यांत तमिळनाडू होते, महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्र पहिल्या आणि तमिळनाडू दुसऱ्या क्रमांकावर होते. मृतांत चौथ्या हिश्शाहून अधिक लोक रोजंदारीवर काम करणारे होते. या मृत्यूंमागे प्रत्येक वेळी निदान झालेला आजार असतोच असे नाही. कौटुंबिक कलह हे नोंदलेल्या कारणांत सर्वांत मोठे कारण आहे.

या पोकळीत ऑनलाइन समुपदेशन आले आहे. मार्च २०२०मध्ये केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि टाळेबंदीने उरलेला संकोच मोडून काढला. नैराश्य आणि चिंतेच्या बाबतीत व्हिडिओद्वारे केलेली मानसोपचाराची सत्रे समोरासमोरच्या सत्रांइतकीच उपयोगी ठरू शकतात, असा अनेक अभ्यासांचा निष्कर्ष आहे. अंबत्तूरच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या अनेक तरुण-तरुणींना हा मार्ग सोयीचा वाटतो. रजा काढावी लागत नाही, दवाखान्याच्या पायरीवर कोणी ओळखीचे भेटत नाही. पण खासगी बाजारात एका सत्राला हजार रुपयांहून अधिक शुल्क सर्रास आकारले जाते. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये आहे. या मर्यादेवरच्या कामगाराने आठवड्याला एक सत्र घ्यायचे ठरवले, तर पगाराचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यात जाईल.

सरकारी बाजूला ‘टेलि-मानस’ आहे. २०२२-२३च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १४४१६ हा विनामूल्य क्रमांक सुरू झाला. तमिळनाडूत ही सेवा ‘नट्पुडन् उंगळोडु’, म्हणजे ‘मैत्रभावाने तुमच्यासोबत’, या नावाने ओळखली जाते. वीस भाषांत चालणाऱ्या या सेवेने २०२५पर्यंत २० लाखांहून अधिक कॉल हाताळले. अंबत्तूरमधला ओडिया तरुण आपल्या भाषेत बोलू शकतो, ही सोय कोणत्याही खासगी ॲपने त्याला दिली नसती. तिचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. म्हणूनच या कार्यक्रमाची तरतूद २०२३-२४मधील सुमारे १३४ कोटींवरून २०२४-२५मध्ये ९० कोटींवर आली, ही गोष्ट खटकते.

पहिला कॉल आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्यामधील पायरी आपण बांधलेली नाही. ती कशी असावी, हे परदेशातून शिकण्याचीही आवश्यकता नाही. गोव्यात १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ बैठकांत संवाद साधला. त्याचे आश्वासक निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२पासून ‘आयकॉल’द्वारे दूरध्वनी आणि ईमेलवर प्रशिक्षित समुपदेशकांची सेवा चालवली. खुद्द चेन्नईत १९८६पासून ‘स्नेहा’ ही आत्महत्या प्रतिबंधक संस्था स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. अंबत्तूरपासून जवळच, अण्णा नगर पश्चिम विस्तारात ‘स्कार्फ’ ही स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था आहे. तिने २०१०च्या सुमारास पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एका बसमध्ये तपासणीची खोली आणि औषधांची सोय केली आणि चेन्नईतील डॉक्टरांना दृक्-श्राव्य जोडणीद्वारे खेड्यांतील रुग्णांसमोर आणले. पडद्यावरील उपचारांचे प्रयोग या शहराने ॲपच्या लाटेच्या कितीतरी आधी केले आहेत.

त्या बसकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण तिने एक गोष्ट ओळखली होती. रुग्णाला पडदा जितका हवा असतो, तितकीच दार लावून बसता येईल अशी खोली हवी असते. ऑनलाइन सेवेचे समर्थक भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचल्याचा दाखला देतात. परंतु ज्या घरात पाच माणसे एका खोलीत झोपतात, तेथे सासरच्या जाचाविषयी किंवा कर्जाविषयी मोठ्याने बोलायचे कोठे? श्रमिकांच्या वस्तीत इंटरनेटपेक्षा एकांत दुर्मीळ आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर फोनही बहुधा सामाईक असतो.

दुसरा धोका गोपनीयतेचा. २०२०मध्ये फिनलंडमधील ‘वास्तामो’ या मानसोपचार कंपनीच्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्याचे उघड झाले आणि चोरट्याने थेट रुग्णांकडेच खंडणी मागितली. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदींना दिल्याचा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने केला, आणि २०२३मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. आपल्याकडे २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. मात्र त्यात आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, अधिक संरक्षित वर्ग केलेला नाही. समुपदेशकाला सांगितलेले दुःख आणि किराणा मालाची यादी कायद्याच्या नजरेत एकाच दर्जाची असावी, हे मला मान्य होत नाही.

तिसरा प्रश्न पात्रतेचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. इतर समुपदेशकांना व्यावसायिक चौकटीत आणण्यासाठी २०२१मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा झाला. त्याची राज्य परिषदा आणि नोंदवह्यांपर्यंतची अंमलबजावणी रेंगाळली आहे. तोपर्यंत काही आठवड्यांचे प्रमाणपत्र मिळवलेली व्यक्तीही स्वतःला ‘थेरपिस्ट’ म्हणवून जाहिरात करू शकते. शोकाकुल माणूस सहसा प्रमाणपत्र तपासत नाही.

या पार्श्वभूमीवर चार गोष्टी तातडीने करता येतील, असे मला वाटते. पहिली, टेलि-मानसमध्ये गरजूंना एकाच समुपदेशकाकडून, ठरलेल्या वेळी, सहा ते आठ सत्रे मिळण्याची व्यवस्था करावी. त्यासाठी गोव्याच्या धर्तीवर प्रशिक्षित स्थानिक माणसे नेमावीत आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख ठेवावी. दुसरी, कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दवाखान्यांत, प्रभाग कार्यालयांत आणि औद्योगिक वसाहतींत दार बंद होणारी एक खोली आणि एक पडदा उपलब्ध करावा. पाळी सुटल्यानंतरच्या वेळेतही ती उघडी असावी. तिसरी, विमा नियामकाने रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च पॉलिसीत आणावा, आणि राज्यांनी समुपदेशकांची नोंदवही जनतेसाठी खुली करावी. चौथी गोष्ट आरोग्य खात्याच्या कक्षेबाहेरची आहे: खासगी क्षेत्रातील कामगाराला निकटच्या नातलगाच्या मृत्यूनंतर भरपगारी रजेचा स्वतंत्र हक्क मिळायला हवा. आज ही रजा मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे.

खर्चाची शंका कोणी काढील. परंतु यातील दवाखाने, क्रमांक, भ्रमणध्वनी आणि संस्थांचा अनुभव आधीच आपल्यापाशी आहे. अंबत्तूरसारख्या एका वसाहतीत दोन वर्षे हा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष खुलेपणाने मांडले, तर पिंपरी-चिंचवड, भोसरी किंवा बुटीबोरीला तो आपलासा करणे अवघड जाणार नाही. लेथवर उभ्या असलेल्या त्या टर्नरना गोळ्या नको होत्या, दयाही नको होती. पुढल्या गुरुवारी, ठरल्या वेळी, त्याच माणसाने फोन उचलावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती पूर्ण करणे शासनाच्या आवाक्याबाहेरचे नाही.