पोकलेनला तिसरा हात नजरेचा

खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. वाडी ठाकरांची, वर जायला डोंगरातली पायवाट तेवढी. यंत्रे पायथ्याशीच अडली. वर कुदळी, फावडी, घमेली आणि माणसांचे हात. खराब हवेने हेलिकॉप्टरही रोखली. चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने जीव गेला. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते. ५७ जण बेपत्ताच राहिले.

पुन्हा घसरू शकणाऱ्या अशा उतारावर पोकलेन न्यायचे, पण त्यात माणूस बसवायचा नाही, हे जपानने करून दाखवले आहे. उन्झेन ज्वालामुखीने ३ जून १९९१ रोजी ४३ बळी घेतले. १९९४ पासून तिथला राडारोडा दूरनियंत्रित यंत्रांनी उपसायला सुरुवात झाली.

अडचण वेगळीच आहे. पोकलेनवाल्याचे दोन्ही हात आधीच गुंतलेले असतात. दोन लिव्हरवर मिळून चार हालचाली: वरचा भाग फिरवणे, बूम उचलणे, पुढचा हात लांबवणे, बकेट भरणे. तरी केबिनमध्ये तो मान काढून बकेटच्या कडेला डोकावतो. त्यालाच दूर पडद्यासमोर बसवले की मान वळवून काही हाती लागत नाही, कॅमेरा वळवावा लागतो. तो कोणत्या हाताने?

इथे नजर कामाला येते. पडद्याखालून डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतात. डोळ्याच्या पारदर्शक पटलावर त्याचा ठिपका चमकतो. डोळा वळला की बाहुली सरकते, ठिपका मात्र जवळपास जागेवर राहतो. दोहोंतल्या अंतरावरून संगणक नजरेची दिशा काढतो. चूक साधारण अर्धा ते एक अंशाची, म्हणजे ६० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर. कॅमेरा वळवायला हे पुरे.

मग बकेटही नजरेनेच का चालवू नये? कारण डोळा आज्ञाधारक नाही. तो सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, त्यातल्या बऱ्याच आपल्याला न विचारता. कोसळलेल्या वाशांखाली काही हलल्यासारखे वाटले, तर ऑपरेटरची नजर आपोआप तिकडेच जाणार. बकेट नजरेमागे निघाली, तर जिथे माणूस जिवंत असण्याची सर्वांत जास्त आशा, नेमके तिथेच पोलाद पोचेल. बघणे म्हणजेच हुकूम, हा घोळ संगणकशास्त्रात १९९० पासून, हात लावेल त्याचे सोने करणाऱ्या गोष्टीतल्या मिडास राजाच्या नावाने ओळखला जातो. त्यावर एक उपाय असा, की नजर ठरावीक वेळ एकाच जागी टिकली तरच आज्ञा मानायची. दरडीच्या कामात मला तो पटत नाही: संशयाची जागा माणूस टक लावूनच बघतो. नजरेने फक्त जागा दाखवावी आणि होकार पायाखालच्या पेडलने द्यावा, हे बरे.

शस्त्रक्रियेत ही वाटणी आधीच झाली आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या ‘सेनहान्स’ यंत्रणेत शल्यविशारद नजरेने कॅमेरा हलवतो. हत्यारे हातातच राहतात.

डोंगरात आणखी एक गोष्ट आड येते, उशीर. यंत्र उपग्रहामार्फत जोडले, तर भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. चित्र खाली येऊन आज्ञा वर पोचेपर्यंत जवळपास अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात डोळा पुढच्या जागेवर गेलेला असतो, कॅमेरा मात्र मागच्या नजरेचा पाठलाग करत राहतो. त्यामुळे चौकसारख्या पायथ्याच्या गावातून थेट रेडिओने किंवा चढताना सोडत नेलेल्या केबलने जोडणे शहाणपणाचे.

अर्थात यंत्र वर पोचायला हवे. हवाई दलाचे एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर दोरखंडाला टांगून साडेचार टनांपर्यंत वजन नेते. छोटे पोकलेन त्यात बसते, नेहमीचे वीस टनी नाही. शिवाय त्यासाठी ढग उघडायला हवेत. जुलैत सह्याद्रीवर ढग उघडेपर्यंत पायवाटेने निघालेली माणसे खणायला लागलेली असतात.